ओटीपी सगळे आबांच्या फोनवर. मग एमएफए आहे म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंग आणि मशिनिंगचं युनिट, प्रायव्हेट लिमिटेड. ऑफिसात सात माणसं. बँक, जीएसटी, ई-वे बिल (माल पाठवताना काढायचा ऑनलाइन कागद), मेल, सगळीकडे मोबाइल नंबर वडिलांचा, म्हणजे आबांचा. आबा बाहेर असले की कामं अडायची, म्हणून त्यांचं एक सिम जुन्या फोनमध्ये घालून तो फोन अकाउंट्सच्या टेबलावर ठेवला आहे. आता पुण्याच्या एका मोठ्या ग्राहक कंपनीने प्रश्नावली पाठवली आहे: मल्टी-फॅक्टर ऑथेंटिकेशन (एमएफए) आहे का? ॲक्सेस कंट्रोलची (कोणाला काय बघता-करता येईल याची) लेखी पद्धत आहे का? "ओटीपी तर आमच्याकडे सगळीकडे आहे. मग दोन्हीपुढे 'हो' लिहायचं का?"

आज लिहू नका. तुमच्याकडे ओटीपी आहे, पण एमएफए नाही. आणि ॲक्सेस कंट्रोल म्हणाल तर तो त्या टेबलावरच्या फोनने पार मोडीत काढला आहे. वाईट वाटून घेऊ नका. उद्यमनगरपासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत जिथं जिथं जातो तिथं बहुतेक ठिकाणी हाच फोन असतो, फक्त टेबल वेगळं.

आधी एमएफएचं बघू. ओळख पटवायच्या तीन तऱ्हा: माणसाला माहीत असलेलं काहीतरी (पासवर्ड, पिन), त्याच्याजवळ असलेलं काहीतरी (फोन, डोंगल, कार्ड), आणि त्याच्या अंगचं काहीतरी (बोट, चेहरा). यातल्या दोन वेगवेगळ्या तऱ्हा एकत्र आल्या तरच ते मल्टी-फॅक्टर. पासवर्ड आणि वर "तुमच्या पहिल्या शाळेचं नाव" विचारलं तर तो एकच प्रकार दोनदा झाला. आता तुमचा फोन घ्या. तो "जवळ असलेलं" या खात्यात मोडतो. कोणाच्या जवळ? टेबलाच्या. मेसेज आला की लॉक न उघडता वर सहा आकडे दिसतात. चहा घेऊन येणारं पोरगं ते वाचू शकतं, डिस्पॅचच्या गाडीची वाट बघत बसलेला ड्रायव्हर वाचू शकतो. आणि पासवर्ड कंपनीचं नाव, मध्ये ॲट, शेवटी एक-दोन-तीन, असा असेल (नसला तर आनंद आहे), तर त्या खोलीत बसलेला प्रत्येक जण आबा आहे.

पण चोरी होईल ही भीती मला दुसऱ्या नंबरची वाटते. पहिला तोटा आजच चालू आहे: कोणतं काम कोणी केलं हे तुमच्या यंत्रणेला माहीतच नाही. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (प्रत्येक बदलाची नोंद) चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. टॅलीत त्याला एडिट लॉग म्हणतात. एखादं व्हाउचर उघडून बघा: कधी तयार झालं, कधी बदललं, कोणी बदललं. "कोणी" या रकान्यात सगळीकडे एकच नाव असणार, कारण सातही जण एकाच लॉगिनने आत येतात. उद्या मार्चएंडला कळलं की जॉबवर्कच्या एका बिलाची रक्कम मागच्या तारखेला जाऊन बदलली आहे, तर लॉग सांगेल की ॲडमिनने बदलली. ॲडमिन म्हणजे कोण? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. प्रामाणिक माणसाला निर्दोष ठरवायलासुद्धा तुमच्याकडे पुरावा नसेल. वेगवेगळी लॉगिन म्हटलं की जुनी माणसं "आमच्यावर विश्वास नाही का?" म्हणून रुसतात. त्यांना हेच सांगायचं, की हे तुमच्या बचावासाठी आहे.

दुसरा तोटा आबांच्या सवयीचा. टेबलावरचा फोन यायच्या आधी दिवसातून किती वेळा त्यांना फोन जायचा? "आबा, ओटीपी आलाय, सांगता का." आबा मीटिंगमध्ये, गाडीत, लग्नात. चष्मा काढून आकडे वाचायचे, फोन ठेवायचा. कशाचा ओटीपी, कुठल्या रकमेचा, हे बघायची उसंत नाही. अशी सवय लागलेल्या माणसाला एक दिवस अनोळखी नंबरवरून "बँकेतून बोलतोय, केवायसीचा कोड आलाय बघा" असा फोन येतो, आणि हात आपोआप मेसेजकडे जातो. "ओटीपी कोणालाही सांगू नका" असं बँक वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडते आहे. ऑफिसने मात्र आबांना नेमकं उलटं शिक्षण दिलं, रोज, पगार देऊन.

आबांची बाजूही समजून घ्यायला हवी. नंबर आपला द्यावा असं त्यांना वाटलं ते काही उगाच नाही. आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय पैसा हलू नये, एवढंच त्यांना हवं होतं. हेतू शंभर टक्के बरोबर, हत्यार चुकीचं. ओटीपी एकच विचारतो: समोरचा माणूस तोच आहे का? "हे काम करायला माझी मंजुरी आहे" हे वेगळं काम आहे आणि त्याची यंत्रणा वेगळी असते. तुमच्याकडे ओळख आणि मंजुरी ही दोन्ही कामं एकाच सिमकार्डावर लादली गेली आहेत, म्हणून दोन्ही होत नाहीत.

मंजुरीची जागा ढासळली की ओळखीचा काही उपयोग राहत नाही, याचं जवळचं उदाहरण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. क्लोन केलेल्या कार्डांनी कितीतरी देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमही होती. एकेका ग्राहकाला फोन करून कोणी पिन विचारले नव्हते. "या व्यवहाराला पैसे द्यायचे का?" या प्रश्नाचं उत्तर ज्या यंत्रणेकडून यायचं, तिला बाजूला सारून हल्लेखोरांनी आपलीच यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक वेळी "हो" म्हणत राहिली.

तेव्हा सुरुवात ओटीपीपासून करू नका, कागदापासून करा. एका मोठ्या तक्त्यात डावीकडे माणसं, वर यंत्रणा: बँक, टॅली, ई-वे बिल, ई-इनव्हॉइस, जीएसटी पोर्टल, मेल, सर्व्हर, डिजिटल सही. प्रत्येक चौकटीत चारपैकी एकच शब्द: काही नाही, बघणे, भरणे, मंजूर करणे. डिस्पॅचच्या माणसाला ई-वे बिल बनवायचं आहे, त्याला बँकेचा स्टेटमेंट दिसायचं कारण नाही. परचेसवाल्याला टॅलीत पार्टीचं लेजर बघू दे, पेमेंट व्हाउचर नको. अकाउंटंट पेमेंट भरेल, मंजूर करणार नाही. आणि तुम्ही स्वतः? इथं मालकाचीच पोरं अडखळतात. "मला सगळंच पाहिजे" म्हणतात. सगळं दिसू दे हो, पण रोजच्या लॉगिनला सगळं करता येऊ नये. ॲडमिनचं लॉगिन वेगळं ठेवा, कामापुरतं उघडा, बंद करा. रोज ज्या लॉगिनने मेल वाचता, त्यातल्या एखाद्या भलत्या लिंकवर बोट पडलं तर नुकसान त्या लॉगिनच्या अधिकाराएवढंच होतं. कमीत कमी अधिकाराचं हे तत्त्व १९७५ मध्ये सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी लेखी मांडलं, आणि आजही यापेक्षा स्वस्त सुरक्षा कोणी विकत नाही.

हा तक्ता करताना भांडणं होतील, होऊ द्या. कोणाकडे काय काय आहे हे पहिल्यांदाच सगळ्यांना कळतं. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या पोराकडे अजून ई-वे बिलाचा पासवर्ड आहे, हे बहुतेक वेळा याच बैठकीत बाहेर येतं.

आता एकेक यंत्रणा. सगळ्यात सोपी आणि तुमच्या अडचणीवर नेमकी बसणारी गोष्ट ई-वे बिलाची. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्याच करदात्यांना टू-फॅक्टर सक्तीचं झालं. आधी १०० कोटींच्या वरच्यांना, मग २० कोटी, मग ५ कोटी असं करत ते खाली आलं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या डिस्पॅच टेबलांवर हे असे फोन उगवले. पण पोर्टलने उपाय आधीच देऊन ठेवला आहे. मुख्य लॉगिनमध्ये युजर मॅनेजमेंट म्हणून भाग आहे, तिथं सब-युजर तयार करता येतात. प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा मोबाइल, आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. अधिकारही निवडून देता येतात: ई-वे बिल बनवणं हो, मास्टर बदलणं नाही, असं. कोणी सोडून गेलं तर त्या सब-युजरला फ्रीज करायची सोय तिथंच आहे. रात्रपाळीचा डिस्पॅचवाला आपल्या फोनवर आपला ओटीपी घेईल, आबांची झोपमोड नाही. आणि चुकीचं बिल निघालं तर कोणी काढलं हे विचारत फिरायला नको. रद्द करायला २४ तासच मिळतात, तेवढ्यात शोधाशोध परवडत नाही. एसएमएस उशिरा येतो अशी तक्रार असेल तर संदेस ॲप किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲपवरही कोड मिळतो. अर्ध्या तासाचं काम आहे, याच आठवड्यात करा.

बँकेकडे मात्र चकरा होतील. साध्या नेट बँकिंगवर कंपनी चालवत असाल तर शाखेत जाऊन कॉर्पोरेट किंवा बिझनेस नेट बँकिंग मागा. तिथं मेकर-चेकर मिळतो: अकाउंटंट आपल्या लॉगिनने, आपल्या ओटीपीने पेमेंट भरतो, ते आबांच्या यादीत जाऊन थांबतं, आबा त्यांच्या लॉगिनने, त्यांच्या फोनवर, नाव आणि रक्कम बघून मंजूर करतात. आबांना हवं होतं ते हेच. बोर्डाचा ठराव लागेल, कोणाची मर्यादा किती ते लिहून द्यावं लागेल. ठरावीक रकमेपर्यंत तुम्ही एकटे, त्यावर आबाही, अशी उतरंड लावता येते का ते विचारा. एक गोष्ट आवर्जून: नवा बेनिफिशियरी जोडणारा आणि त्याला पैसे मंजूर करणारा एकच माणूस नको. सप्लायरच्या मेलवरून "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असं पत्र येतं, लेटरहेड अगदी खरं, सहीसुद्धा खरी. अशा वेळी ओटीपी काहीही वाचवत नाही, कारण पाठवणारा माणूस खरा, पासवर्ड खरा, ओटीपी खरा. खोटा फक्त खाते क्रमांक. जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून तोंडी खातरजमा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

मेलकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात आणि मी सर्वात आधी मेल बघतो. कारण बाकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणचा "पासवर्ड विसरलात?" मेलवरच येऊन पडतो. एका मेल आयडीचा पासवर्ड पाच जणांना माहीत असेल तर त्यावर दुसरा घटक (पासवर्डच्या जोडीला ओळखीची दुसरी तऱ्हा) लावणं अवघड, कारण कोड एकाच्याच फोनवर. मग लोक वैतागून तो बंदच करतात. उपाय दोन आहेत. एक, प्रत्येकाला आपला आयडी, आणि चौकशीचा सामाईक पत्ता नुसता ग्रुप म्हणून, म्हणजे त्यावरचा मेल सगळ्यांना जाईल पण त्याला लॉगिनच नसेल. दोन, जीमेलमध्येच दुसऱ्याला आपला इनबॉक्स वापरायची परवानगी देता येते. तो आपल्या लॉगिनने येऊन तुमचे मेल वाचतो, उत्तर देतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. त्याच वेळी सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा. कोणी आत येऊन गेलं असेल तर "पेमेंट" शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेर पाठवणारा नियम मागे ठेवून जातं, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो.

डिजिटल सहीच्या डोंगलबद्दल बोलताना माझा पारा जरा चढतो. खरं तर ते एमएफएचं नमुनेदार उदाहरण: डोंगल जवळ हवं, पिन माहीत हवा, आणि खासगी की (सही उमटवणारी गुप्त किल्ली) डोंगलच्या बाहेर येतच नाही. आणि आपण काय करतो? डोंगलला पांढरी चिकटपट्टी, त्यावर मार्करने पिन, आणि ते सीए साहेबांच्या ऑफिसात एका प्लॅस्टिकच्या डब्यात, अजून पन्नास कंपन्यांच्या डोंगलांबरोबर. दोन घटकांचा एक झाला, तोही दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी की आपल्या ताब्यात ठेवायची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. कागदावर सही आबांची उमटली तर "मी नव्हतोच" हे सिद्ध करणं आबांच्या गळ्यात. सीए लोक वाईट असतात असं मी म्हणत नाही. ३० तारखेच्या रात्री आठ वाजता रिटर्न भरायचं असतं तेव्हा त्यांनाही दुसरा मार्ग दिसत नाही. पण डोंगल तुमच्याकडे ठेवा, सहीच्या वेळी न्या किंवा तुमच्या पीसीवर सही करा, पिन बदला, चिकटपट्टी काढा.

सर्व्हरचं एका वाक्यात सांगायचं तर: घरून टॅली बघता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटला उघडा ठेवला असेल, तर हे उत्तर वाचायचं थांबवून आधी तो बंद करा. रॅन्समवेअरवाले (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे) त्या दारावर रात्रंदिवस पासवर्ड मारून बघत असतात. बाहेरून यायचंच असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा बंदिस्त रस्ता), आणि त्यावर दुसरा घटक. तुमच्या सगळ्या यंत्रणांत पहिल्यांदा एमएफए कुठं लावायचं विचाराल तर माझं उत्तर: बाहेरून आत येणारा रस्ता आणि ॲडमिनचा मेल. बाकीचं पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल.

दुसरा घटक कोणता निवडायचा, यावर आता बोलू. एसएमएस ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण तो सिमकार्डाला बांधलेला आहे, माणसाला नाही. डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवायचे प्रकार इतके झाले की आता सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. फोनमध्ये लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल टाकली की ती एसएमएस वाचून परस्पर पुढं पाठवते. आणि हो, "आबांचे ओटीपी आपोआप ग्रुपवर पाठवणारं ॲप आहे, ते टाकू का?" असं मला नेहमी विचारतात. नका टाकू. चोर जे लपूनछपून करतो ते तुम्ही राजीखुशीने करून देताय.

जिथं पर्याय आहे तिथं ऑथेंटिकेटर ॲप घ्या. क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. त्यानंतर फोन आणि सर्व्हर, दोघंही ती किल्ली आणि घड्याळातली वेळ मिसळून दर ३० सेकंदांनी तोच सहा आकडी कोड काढतात. एसएमएस नाही, नेटवर्क नाही, फाउंड्रीच्या शेडमध्ये रेंज नसली तरी चालतं. कोड चुकीचा म्हणू लागला तर आधी फोनची वेळ बघा, बहुतेकदा ती हाताने लावलेली आणि पुढं-मागं गेलेली असते. तो क्यूआर कोड मात्र स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो ज्याच्याकडे, कोड त्याच्याकडे, कायमचे.

तरीही सहा आकडी कोड, मग तो एसएमएसचा असो वा ॲपचा, एका गोष्टीपुढे हरतो. हुबेहूब लॉगिनचं खोटं पान. तुम्ही तिथं पासवर्ड टाकता, ते पान तो त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. खरी साइट कोड मागते, खोटं पान तुमच्याकडे मागतं. तुम्ही देता, ते पुढं देतं. आत कोण गेलं? ते. तुम्हाला "तांत्रिक अडचण" दिसते आणि तुम्ही चहा प्यायला जाता. यावर इलाज पासकी (पासवर्डऐवजी फोनमध्येच ठेवलेली किल्ली) किंवा यूएसबीची सुरक्षा-की. त्यातली किल्ली त्या साइटच्या पत्त्यालाच बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर ती उत्तरच देत नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. सुरक्षा-कीला काही हजार रुपये पडतात, म्हणून सातही जणांना घ्या असं म्हणणार नाही. ॲडमिन आणि आबा, प्रत्येकी दोन, एक वापरायला आणि एक तिजोरीत. बाकीच्यांच्या फोनमध्ये पासकी फुकट आहे.

"अप्रूव्ह करा" असं बटण येणारी ॲपं सोयीची वाटतात. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटदाराला हल्लेखोराने अशाच सूचना एकामागून एक पाठवल्या, वर व्हॉट्सॲपवर "मी आयटीतून बोलतोय, अप्रूव्ह कर म्हणजे थांबेल" असं सांगितलं. त्याने केलं. तेव्हापासून शहाणी ॲपं स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये टाकायला लावतात. तुमच्या ॲपमध्ये ती सोय असेल तर चालू ठेवा.

बोटाच्या ठशांबद्दल मात्र आपल्याकडचा अनुभव ध्यानात घ्या. मोल्डिंगच्या वाळूत आणि फेटलिंगच्या ग्राइंडरवर वर्षं काढलेल्या माणसाचा ठसा हजेरीच्या यंत्रालाही धड लागत नाही. अशा माणसाला बोटावर अवलंबून ठेवाल तर तो पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या लॉगिनने काम करायला लागेल, आणि दोष त्याचा नसेल. साधं कार्ड आणि पिन द्या. ज्याच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्याच्या नावाने कोणी दुसऱ्याने कोड घ्यायचा नाही. त्याला त्या यंत्रणेत यायची खरंच गरज आहे का, हे तक्त्यात परत बघा.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा आपण हार-नारळ देतो, किल्ल्या घेतो, लॉगिन विसरतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन, इंधन वाहणारी प्रचंड मोठी वाहिनी, दिवसच्या दिवस बंद पडली. ४४ लाख डॉलर खंडणी गेली. हल्लेखोर शिरले ते एका व्हीपीएन खात्यातून, जे कोणी वापरत नव्हतं, बंद केलं नव्हतं, आणि ज्यावर फक्त पासवर्ड होता. तुमचा तक्ता इथं कामाला येतो: त्या माणसाची ओळ घ्या, डावीकडून उजवीकडे एकेक चौकट बंद करत जा, त्याच दिवशी, निरोपाच्या चहाआधी. ऑफिसच्या पीसीवर त्याचं व्हॉट्सॲप वेब आणि त्याच्या फोनवर कंपनीचा मेल राहिला आहे का तेही.

आता प्रश्नावली. असे प्रश्न बहुधा आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या यादीवरून काढलेले असतात. २०२२ च्या आवृत्तीत ॲक्सेस कंट्रोल, ओळखींचं व्यवस्थापन, अधिकार देणं-काढणं, सुरक्षित ऑथेंटिकेशन हे सगळं वेगवेगळ्या कलमांत आहे. त्यांना गुळगुळीत "हो" नको असतं. "ॲडमिन मेल आणि व्हीपीएनवर एमएफए लागू, ई-वे बिलावर व्यक्तिगत सब-युजर, बँकेत मेकर-चेकरसाठी अर्ज दिला आहे, अमुक महिन्यापर्यंत लागू होईल, अधिकारांचा तक्ता सोबत जोडला आहे, दर तिमाहीला तपासतो." असं उत्तर मी ग्राहकाच्या जागी असतो तर मला दहा "हो"पेक्षा जास्त पटलं असतं. खोटं "हो" लिहून उद्या त्यांचं ड्रॉइंग तुमच्या मेलमधून फुटलं, तर तीच प्रश्नावली तुमच्याविरुद्ध टेबलावर येईल. दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम मात्र पॉलिसीत घालू नका, कोणी आग्रह केला तरी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच तो सोडून दिला; लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात, दुसरं काही होत नाही. लांब पासवर्ड, फुटल्याचा संशय आला की बदल, एवढं पुरे.

आणि फोन हरवला तर? हा प्रश्न आबा विचारतीलच, आणि बरोबर विचारतील. एमएफए लावतानाच बहुतेक सेवा बॅकअप कोड देतात. ते छापून, लिफाफ्यात घालून, तिजोरीत. ज्या पीसीवर लॉगिन करता त्याच्याच डेस्कटॉपवर नाही. महत्त्वाच्या प्रत्येक ठिकाणी दोन ॲडमिन ठेवा, तुम्ही आणि अजून एक विश्वासाचं माणूस, म्हणजे एकाचा फोन पंचगंगेत पडला तरी दुसरा दार उघडेल. एकदा मुद्दाम तालीम घ्या: आबांचा फोन बंद करून ठेवा आणि दिवसभराचं काम होतं का बघा. जिथं अडेल ती जागा तक्त्यात लाल करा.

पैसे गेल्याचं लक्षात आलं तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग बँकेला; वेळ जितका कमी तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. यंत्रणेत कोणी घुसल्याचं कळलं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवसांचे जपून ठेवायचे असतात. फायरवॉल आणि सर्व्हरचे लॉग आत्ता किती दिवसांचे राहतात ते तुमच्या हार्डवेअरवाल्याला विचारा, आठवड्यापलीकडे काही नाही असं बऱ्याचदा निघतं. हे सगळे नंबर आणि शाखेतल्या अधिकाऱ्याचा मोबाइल कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण ज्या दिवशी ते लागतील त्या दिवशी मेल उघडत नसेल.